एका घरफोडीची नोंद

भाऊबीजेसाठी आम्ही उभयता नाशिकला माझ्या भावाकडे गेलो होतो. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी सातच्या सुमारास शेजारच्या वहिनींचा फोन आला आणि त्यांनी एवढेच विचारले, "बाई, तुम्ही रात्रीच परत आलात का?" आमच्या पुढच्या दाराचा कडीकोयंडा उचकटलेला होता, दार बोटभर उघडे होते, पण अंगणात सडा नव्हता आणि आत कोणाची चाहूल नव्हती, म्हणून त्यांना शंका आली होती. मी त्यांना आत पाऊल टाकू नका, कोणालाही टाकू देऊ नका, असे सांगितले. त्यांनी ११२ क्रमांकावर फोन केला आणि आम्ही मिळेल त्या एसटीने निघालो. दुपारी घरी पोहोचलो तेव्हा दारात पोलीस शिपाई उभा होता आणि गल्लीतली निम्मी माणसे आमच्या ओट्यावर होती.

आमचे गाव तालुक्याचे आहे. नगरपरिषद, एक साखर कारखाना, सोमवारचा आठवडी बाजार आणि २५-३० हजारांची वस्ती. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात काही तक्रारीही आहेत आणि त्या एका ठाण्यावर किंवा एका माणसावर ठेवण्याची माझी इच्छा नाही. मी ३१ वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले. 'गावातली गुन्हेगारी वाढली आहे' हे वाक्य मी आयुष्यात असंख्य वेळा ऐकले होते आणि स्वतः उच्चारलेही होते. ते वाक्य ज्या आकड्यावर उभे असते तो आकडा कसा तयार होतो, हे मात्र माझ्या स्वतःच्या घरातून साडेआठ तोळे सोने गेल्यानंतर मला पहिल्यांदा दिसले.

त्या दुपारी पंचनामा झाला. घटनास्थळाच्या पंचनाम्याला दोन पंच लागतात, आणि ओट्यावर उभ्या असलेल्या पंधरा-वीस माणसांपैकी पंच व्हायला कोणी पुढे येईना. ज्यांनी सकाळपासून घराची राखण केली होती, चहा करून आणला होता, तीच माणसे 'पंच' हा शब्द निघताच मागे सरली. यात त्यांचा भित्रेपणा होता असे मला वाटत नाही. पंच झाल्यावर पाच-सात वर्षांनी न्यायालयाचे समन्स येते, दिवसाची मजुरी किंवा दुकान बुडते, तारीख पडली की पुन्हा जावे लागते, हे सगळ्यांनी पाहिलेले असते. शेवटी एक निवृत्त पोस्टमन आणि कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार तयार झाले. उचकटलेला कोयंडा, कपाटाचे वाकवलेले दार, देवघरातला उपडा केलेला डबा, मागच्या परसातला बुटाचा ठसा, असे एकेक लिहिले जात होते आणि एक शिपाई मोबाइलवर त्याचे चित्रण करत होता. जिल्ह्याहून ठसेतज्ज्ञ संध्याकाळी आले. श्वानपथकातले कुत्रे परसातून निघून ओढ्याच्या पुलापर्यंत गेले आणि तेथे घुटमळले. तेथून चोर वाहनाने गेले असावेत, असा अर्थ काढण्यात आला. ठसे मिळाले नाहीत. हातमोजे वापरले असावेत, असे तज्ज्ञ म्हणाले आणि अर्ध्या तासात पुढच्या गावी गेले, कारण त्या आठवड्यात त्यांना अशी अनेक ठिकाणे होती.

रात्री आठ वाजता आम्ही ठाण्यात फिर्याद द्यायला बसलो. विधानसभेची निवडणूक १५ दिवसांवर आली होती, मतदान २० नोव्हेंबरला होते, त्यामुळे निम्मे कर्मचारी नाकाबंदीवर आणि सभांच्या बंदोबस्तावर होते. ठाणे अंमलदारांच्या चेहऱ्यावर झोपेचा पत्ता नव्हता, हे मी आजही विसरलेले नाही. ते सौजन्याने म्हणाले, "मॅडम, आत्ता साधा अर्ज देऊन ठेवा, आम्ही चौकशी करतो, काही धागा मिळाला की गुन्हा दाखल करून घेऊ." त्यांचा हेतू वाईट असेल असे मला तेव्हाही वाटले नाही. परंतु माझा भाचा तालुका न्यायालयात वकिली करतो आणि त्याने फोनवर मला एकच गोष्ट बजावली होती : मावशी, अर्ज देऊन परत येऊ नकोस. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती मिळाल्यावर तो नोंदवणे पोलिसांना बंधनकारक आहे, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा ललिताकुमारी खटल्यातला निकाल २०१३ सालचा आहे. मी तो निकाल तेथे उच्चारला नाही. "मी थांबते, तुमच्या सवडीने लिहून घ्या, पण गुन्हा आजच दाखल करा," एवढेच म्हणाले. रात्री पावणेबाराला संगणकावर गुन्हा रजिस्टर नंबर पडला आणि कायद्यानुसार फिर्यादीला विनामूल्य मिळायची प्रत माझ्या हातात आली.

फिर्याद लिहिताना तीन प्रश्न असे आले की त्यांचा अर्थ मला नंतर उमगला. पहिला प्रश्न होता, चोरी दिवसा झाली की रात्री. आम्ही ३ तारखेच्या सकाळी घर बंद केले होते आणि ५ तारखेच्या सकाळी दार उघडे दिसले. मधल्या दोन दिवसांत केव्हा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. कायदा मात्र या दोहोंत मोठा फरक करतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे, आणि तिच्या कलम ३३१ प्रमाणे चोरीसाठी दिवसा केलेल्या घरफोडीला १० वर्षांपर्यंत, तर सूर्यास्त ते सूर्योदय या काळात केलेल्या घरफोडीला १४ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत जे ४५४, ४५७ आणि ३८० होते ते आता ३३१ आणि ३०५ झाले होते. चार महिनेच लोटले असल्याने ठाणे अंमलदारांनी टेबलाच्या काचेखाली जुन्या-नव्या कलमांचा तक्ता ठेवला होता आणि बोट फिरवून ते कलम शोधत होते. पोलिसांच्या तक्त्यातही दिवसा घरफोडी आणि रात्री घरफोडी असे दोन वेगळे रकाने असतात. वहिनींनी ४ तारखेच्या संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावायला आल्या असताना दार बंद पाहिले होते, हे त्यांना आठवले आणि त्यामुळे आमची घरफोडी रात्रीच्या रकान्यात गेली. त्यांना आठवले नसते तर ती कोठे गेली असती, हे मला सांगता येत नाही.

दुसरा प्रश्न किमतीचा होता. गेलेल्या ऐवजात सासूबाईंच्या पाटल्या होत्या, ज्यांची पावती असणे शक्य नव्हते, आणि २००९ साली घेतलेला एक गोफ होता, ज्याची पावती मी जपून ठेवली होती. गोफाची किंमत पावतीवरच्या जुन्या भावाने लिहिली गेली. आजच्या भावाने ती कितीतरी पट भरली असती. शिवाय सासूबाई ज्या तोळ्यात बोलत तो ११.६६ ग्रॅमचा होता आणि सराफ आज ज्या तोळ्यात बोलतात तो १० ग्रॅमचा असतो, त्यामुळे पाटल्यांचे वजन सांगताना मी स्वतःच गोंधळले. सुदैवाने दोन वर्षांपूर्वी पाटल्या उजळायला दिल्या होत्या आणि सराफाच्या चिठ्ठीवर वजन ग्रॅममध्ये होते. पुढे हीच चिठ्ठी माझ्या सगळ्यात जास्त कामाला आली. ज्यांच्या घरी वडिलोपार्जित दागिने आहेत त्यांनी ते एकदा सराफाकडून तोलून घ्यावेत, फोटो काढावेत आणि चिठ्ठी दागिन्यांजवळ न ठेवता दुसरीकडे ठेवावी, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

तिसरा प्रश्न होता, "कोणावर संशय?" दुपारपासून ओट्यावर याचे उत्तर तयार होते. गावाबाहेरच्या माळावर दिवाळीआधी काही कुटुंबे पाले ठोकून राहिली होती. ती माणसे सुया, बिब्बे, प्लास्टिकच्या बादल्या विकत फिरत. गल्लीतल्या दोघा-तिघांनी मला आग्रहाने सांगितले की त्यांचे नाव घाला, पोलीस मग बरोबर बोलते करतील. मी "कोणावरही संशय नाही" असे लिहवले. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण ओट्यावरच्या बोलण्यातून तो अजून गेलेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. दुसऱ्या दिवशी मी शाळेत होते आणि नववीच्या एका मुलाने मला मोबाइलवर ती चित्रफीत दाखवण्याचा प्रयत्न केला होता. असुरक्षिततेची भावना एखाद्या गावात किती वेगाने पसरते आणि ती कोणाच्या अंगावर जाऊन कोसळते, हे आपल्या राज्याने पाहिलेले आहे. माळावरची कुटुंबे माझ्या फिर्यादीनंतर चौथ्या दिवशी स्वतःच पाले उचलून निघून गेली. त्यांना कोणी काही म्हटले होते का, हे विचारायला मी गेले नाही, याची खंत मला आहे.

पुढचे काही आठवडे आमच्या घरी माणसे येत राहिली. काहीजण समाचाराला आले, पण कित्येकजण स्वतःचे सांगायला आले. मागच्या गल्लीतल्या मावशींच्या घरातून उन्हाळ्यात गॅसचे सिलिंडर आणि पितळेचा बंब गेला होता. एका शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटार आणि केबल दोनदा गेली होती. बसस्थानकावर एका मुलीचा मोबाइल गेला होता. यांपैकी एकानेही गुन्हा दाखल केलेला नव्हता. कारणे निरनिराळी होती : पावती नाही, वेळ नाही, मिळून मिळून काय मिळणार, मुलीचे लग्न जुळते आहे आणि पोलीस दारात आलेले बरे दिसत नाही. मोबाइलच्या बाबतीत 'चोरीला गेला' ऐवजी 'गहाळ झाला' अशी नोंद करून घेतली गेली होती आणि त्या मुलीला नवे सिमकार्ड घेण्यासाठी तेवढा कागद पुरेसा वाटला होता. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आमच्या गावात पोलीस ठाण्याच्या पायरीलाही लावली जाते.

डिसेंबरमध्ये निवडणुकीची धावपळ संपल्यावर ठाण्यात नागरिकांची बैठक झाली. व्यापारी म्हणाले, घरफोड्या दुप्पट झाल्या. अधिकाऱ्यांनी तक्ता वाचून सांगितले, गेल्या वर्षीपेक्षा कमी झाल्या. दोघांचेही आवाज चढले. मला त्या दिवशी प्रथमच असे वाटले की दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असावेत, आणि हे गणिताने सोडवता येण्याजोगे आहे. एक नगरसेवक बैठकीनंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, तुम्ही एफआयआर केलात ते ठीक, पण गावाचे नाव खराब होते." त्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट अगदी बरोबर होती : माझ्या त्या रात्रीच्या चार तासांच्या बसण्याने गावाचा गुन्हेगारीचा आकडा एकाने वाढला होता. अर्ज देऊन परतले असते तर तो वाढला नसता, आणि घर मात्र तेवढेच फुटलेले राहिले असते.

मी मोजायला बसले. संवेदनशील प्रकरणे वगळून बाकीचे एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये दिला होता. दळणवळणाची अडचण असेल तेथे ४८ ते ७२ तासांची मुभा आहे. त्यामुळे महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणे आणि तारीख निवडली की ते वाचता येतात. मी एक दोनशेपानी वही घेतली आणि तारीख, कलम, घटनास्थळ, फिर्याद देण्यास लागलेला विलंब असे रकाने आखले. दीड महिना रोज दुपारी हेच काम केले. पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की आपण ज्याला गावाचा आकडा म्हणतो तो ठाण्याच्या हद्दीचा असतो आणि त्या हद्दीत आमच्या गावाखेरीज आजूबाजूची कित्येक खेडी येतात. घटनास्थळ वाचून गावातले गुन्हे वेगळे काढले, तेव्हा रकाने बरेच रिकामे झाले. जोडीला माहितीच्या अधिकारात अर्ज केला. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यावर १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावावे लागते आणि ३० दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. मला २८ व्या दिवशी उत्तर मिळाले, पानाला दोन रुपये भरून पाच वर्षांचे तक्ते घेतले. ज्या बाईंनी ते काढून दिले त्यांनी एक रकाना समजावून सांगण्यासाठी स्वतः खुर्चीवरून उठून येण्याची तसदी घेतली, हेही नोंदवले पाहिजे.

आता गणित. गुन्हेगारीचा दर म्हणजे एक लाख लोकसंख्येमागे नोंदवलेले गुन्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, जो १९८६ साली स्थापन झाला, दरवर्षी देशाचा अहवाल काढतो. त्यानुसार २०२२ मध्ये देशात ५८,२४,९४६ दखलपात्र गुन्हे नोंदले गेले आणि दर ४२२.२ होता; २०२३ मध्ये तो ४४८.३ झाला. हे आकडे एवढे मोठे आहेत की त्यांत एका घराने काही हलत नाही. परंतु २५,००० वस्तीच्या गावात एक घरफोडी म्हणजे लाखामागे चार. एखादी टोळी एका रात्रीत पाच बंद घरे फोडून गेली तर दर एकदम २० ने चढतो आणि पुढच्या वर्षी ती टोळी आली नाही तर तेवढाच उतरतो. या चढउतारावरून गाव बिघडले किंवा सुधारले असे म्हणणे म्हणजे नाणे चार वेळा उडवून ते खोटे ठरवण्यासारखे आहे. शाळेत मी संभाव्यता शिकवताना हेच सांगत असे, पण घरफोडीला ते कधी लावून पाहिले नव्हते.

त्यात पुन्हा छेदाचा प्रश्न आहे. शेवटची जनगणना २०११ सालची आहे. आमच्या गावाची हद्द त्यानंतर दोन्ही बाजूंना वाढली, मळ्यांच्या जागी सोसायट्या झाल्या. ऊसतोडणीच्या हंगामात कारखान्याच्या तळावर हजारो माणसे सहा महिने राहतात आणि ती कोठल्याच छेदात नसतात. सोमवारच्या बाजारात पाकीट मारले गेले तर ज्याचे गेले तो शेजारच्या तालुक्यातला असू शकतो, पण गुन्हा आमच्या लोकसंख्येला भागला जातो. शिवाय नोंद विभागाच्या मोजणीत एकाच एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तर त्यांतला सर्वांत गंभीर तेवढा धरला जातो. एकाच एफआयआरमध्ये खून आणि चोरी असली तर खून मोजला जातो, चोरी नाही. आणि आमच्यासारख्या गावाचे स्वतंत्र पान त्या अहवालात नसतेच. जिल्ह्याची ओळ असते, मोठ्या शहरांची पाने असतात.

खुद्द नोंद विभागही बजावतो की गुन्ह्यांत वाढ होणे आणि गुन्ह्यांच्या नोंदणीत वाढ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिल्लीत वाहनचोरीचा गुन्हा २०१५ पासून घरबसल्या ऑनलाइन नोंदवता येऊ लागला. तेथील आकडे वाचताना ही सोय लक्षात घ्यावी लागते. याच्या उलट बाजूने पाहणेही झालेले आहे. आयडीएफसी इन्स्टिट्यूट या संशोधनसंस्थेने दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि बंगळुरू येथे घरोघरी विचारून केलेली पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली, तीत चोरी झालेल्यांपैकी फारच थोड्यांचा एफआयआर झालेला होता. ही सगळी महानगरे. मला माझ्या वहीसाठी असेच आमच्या चार गल्ल्यांत विचारावेसे वाटले आणि मी विचारले. गेल्या वर्षभरात आपल्या घरातून, शेतातून किंवा अंगावरून काही चोरीला गेले का, गेले असल्यास ठाण्यात गेलात का, गेलात तर काय लिहून घेतले, एवढे तीनच प्रश्न. उत्तरे मी आकड्यांत देत नाही, कारण चार गल्ल्यांचा आकडा गावाला लावू नये, हेच तर मी वर सांगितले. पण ठाण्याच्या तक्त्यात नसलेल्या चोऱ्या तक्त्यात असलेल्यांपेक्षा जास्त निघाल्या, आणि त्या बहुतेक सगळ्या अशा घरांतल्या होत्या जिथे पावत्या नसतात.

दरम्यान माझ्या गुन्ह्याचा तपास संथ चालला होता. तपासाची आणि खटल्याची रीत ठरवणाऱ्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवावी, अशी तरतूद आहे. फेब्रुवारीत ९० दिवस पूर्ण झाल्यावर मी लेखी विचारणा केली; "तपास चालू आहे" असे उत्तर आले. तपासी अंमलदार भला माणूस होता. त्याने पुलाजवळच्या पेट्रोल पंपाचे आणि दोन दुकानांचे सीसीटीव्ही चित्रण पाहिले होते. त्यात एक मोटारसायकल दिसत होती, पण क्रमांक वाचता येत नव्हता, कारण कॅमेरा दुकानाच्या गल्ल्याकडे तोंड करून होता आणि रस्ता केवळ कडेला दिसत होता. काहीच हाती लागले नाही तर 'अ समरी' जाईल, असे त्याने मला आधीच सांगितले. अ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण उघडकीस न आलेला, असा न्यायालयाला पाठवायचा अहवाल. आपल्या घराच्या बाबतीत हे दोन शब्द ऐकताना फार एकटे वाटले, एवढेच मी म्हणेन.

मे २०२५ मध्ये शेजारच्या जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेने तिघांना दुसऱ्याच एका घरफोडीत पकडले आणि चौकशीत आमच्यासह अनेक ठाण्यांतले गुन्हे पुढे आले. वर्तमानपत्रात बातमी आली की इतके गुन्हे उघडकीस. वहीत मी तो दिवस वेगळ्या शाईने लिहिला, कारण एका अटकेने कितीतरी तक्त्यांतले 'उघड' हे रकाने एकदम भरले होते. संशयित माळावरच्या पालांतले नव्हते; त्यांचा आमच्या गावाशी संबंध एवढाच की त्यांच्यातला एक पूर्वी येथे फर्निचरच्या कामाला येत असे. गल्लीत हे कळल्यावर त्या ओट्यावरच्या दोघा-तिघांपैकी एकाने मला "तुम्ही नाव घातले नाही ते बरे झाले" असे म्हटले. मला ते ऐकून बरे वाटले.

दागिने मात्र दागिने राहिले नव्हते. जप्ती पंचनाम्यात सोन्याची एक लगड होती, अनेक घरांचे सोने एकत्र वितळवलेली, आणि आमचा गोफ तेवढा अर्धवट तुटलेल्या अवस्थेत, अडकवायच्या आकड्यासह शिल्लक होता. लगडीतला आमचा वाटा ठरवण्यासाठी फिर्यादीतले वजन, सराफाची चिठ्ठी आणि आरोपींच्या निवेदनातला क्रम यांचा मेळ घालावा लागला. न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज दिला. यासाठी भाच्याने मला २००२ सालच्या सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्याचा निकाल वाचायला दिला होता. जप्त केलेला माल ठाण्यात सडत ठेवू नये, छायाचित्रे आणि पंचनामा करून, बंधपत्र घेऊन तो पंधरा दिवस ते महिन्याच्या आत मालकाला द्यावा, असे त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. आमच्या बाबतीत उन्हाळी सुटी आणि पोलिसांचा अहवाल यांत अडीच महिने गेले. त्याच अर्जाच्या तारखेला आलेल्या दुसऱ्या एका म्हाताऱ्या बाईंजवळ ना पावती होती, ना चिठ्ठी. त्यांनी गळ्यातली पोत कशी होती हे न्यायाधीशांना हातवारे करून सांगितले. त्यांचा अर्ज पुढच्या तारखेवर गेला.

ऑगस्टमध्ये मागच्या गल्लीतल्या मावशींचा मोबाइल बाजारात चोरीला गेला, तेव्हा त्या मला बोलवायला आल्या. आम्ही दोघी ठाण्यात गेलो. नवे ठाणे अंमलदार 'गहाळ' असे लिहू लागले, तेव्हा मावशींनीच सांगितले, "पिशवीला ब्लेड मारलेय साहेब, हे बघा," आणि पिशवी टेबलावर ठेवली. त्यांनी पिशवी उलटसुलट पाहिली, लिहिलेला कागद बाजूला केला आणि फिर्याद घेतली. वहीत त्या महिन्याच्या सोमवारच्या रकान्यात एक नोंद वाढली. नगरपरिषदेने पुलापाशी दिवा लावला आहे, पेट्रोल पंपाने कॅमेरा रस्त्याकडे वळवला आहे, आणि गस्तीच्या शिपायाने मोबाइलने टिपायची क्यूआर कोडची पाटी आमच्या कोपऱ्यावरच्या खांबाला लागली आहे. यामुळे काय फरक पडतो हे सांगायला एक वर्ष पुरणार नाही, हे मला माझ्याच वहीने शिकवले आहे, म्हणून मी मोजत राहणार आहे.

आमच्या वाट्याचे सोने आता बँकेच्या लॉकरमध्ये आहे. ते मोडायचे नाही, त्याचे रूप बदलायचे नाही, आणि न्यायालय सांगेल तेव्हा हजर करायचे, असे बंधपत्र मी सही करून दिले आहे. मुलीने सासूबाईंच्या जुन्या फोटोवरून पाटल्यांची नक्षी कागदावर उतरवून ठेवली आहे. साक्षीचे समन्स अजून आलेले नाही. पंच झालेले पोस्टमनकाका परवा भेटले तेव्हा त्यांनीही तेच विचारले.